फिश टँकच्या तळाला कोणती माती? बीदर-कलबुर्गीच्या पाण्यासाठी एक आढावा

फिश टँकमध्ये पाणवनस्पती वाढवायच्या तर तळाला काय घालायचं, हा प्रश्न या छंदाला लागलेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच पडतो. नुसत्या रंगीत खड्यांत वनस्पती तग धरतात, पण फोफावत नाहीत. म्हणून माती हवी. मग पिशव्यांची रांग समोर येते. नर्सरीत पॉटिंग मिक्स, लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट असतं. मत्स्यालयाच्या दुकानात परदेशी नावांची दाणेदार अ‍ॅक्वा सॉइल असते. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि प्रत्येक पिशवीवर भरघोस वाढीचं आश्वासन.

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न आणखी अवघड होतो. इथे एकीकडे जांभ्याचं तांबडं पठार आहे, दुसरीकडे तुरीची काळीभोर जमीन आहे आणि दक्षिणेकडे शहाबादी फरशीचा चुनखडकी पट्टा. पाणी बहुतेक गावांत जड. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथला हौशी माणूस माशांसाठी हैदराबादला नाहीतर सोलापूरला जातो आणि येताना मासे, वनस्पती, पिशवी आणि सल्ला असं सगळंच घेऊन येतो. तो सल्ला बहुधा दुसऱ्याच पाण्यावर बेतलेला असतो. पुण्याच्या मऊ पाण्यात किंवा जपानी टाकीत जी माती उत्तम चालते, ती इथे तशीच चालेल असं नाही.

म्हणून या लेखात बाजारातल्या पिशव्या, इथल्या दोन माती आणि इथलं पाणी यांचा एकत्र विचार केला आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. माती निवडायची ती घरच्या नळाचं किंवा बोअरचं पाणी पाहून. आणि या भागातल्या पाण्याला साधी, कमी खताची, थोडी चिकण असलेली तांबडी माती सर्वांत जास्त मानवते.

माती पाण्याखाली गेली की

कुंडीतली माती आणि टाकीतली माती यांत मूळ फरक हवेचा. कुंडीत मातीच्या कणांमधून हवा खेळते. टाकीत ती जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेच्या मानाने साधारण दहा हजार पटींनी कमी असतो. मातीतले सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. त्यानंतर ते श्वसनासाठी क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट वापरतात. शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. भातखाचरांच्या संदर्भात हा क्रम एफ. एन. पोन्नमपेरुमा यांनी फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत बारकाईने अभ्यासला. बुडालेल्या मातीच्या रसायनावरचा त्यांचा १९७२ चा दीर्घ लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो. टाकीचा तळ म्हणजे अखेर छोटं भातखाचरच, त्यामुळे ते निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे उपयोगी पडतात.

त्यातल्या चार गोष्टी माती निवडताना लक्षात ठेवाव्यात. पहिली, बुडालेल्या मातीचा सामू काही आठवड्यांत सातच्या आसपास येतो. आम्लधर्मी तांबड्या मातीचा सामू वर चढतो आणि चुनखडीयुक्त काळ्या मातीचा खाली उतरतो. दुसरी, प्राणवायू संपला की मातीतलं गंजलेल्या रूपातलं लोह विरघळू लागतं आणि त्याला चिकटलेलं स्फुरदही मोकळं होतं. मुळांना हे दोन्ही हवंच असतं. तिसरी, सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. मातीत लोह भरपूर असेल तर तो लोहाशी बांधला जाऊन काळा, निरुपद्रवी साका होतो. टाकीच्या काचेतून मातीत दिसणारे काळे पट्टे बहुतेक वेळा हेच असतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सेंद्रिय पदार्थ कुजताना त्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर पडतं. कुंडीत हवा असल्याने जिवाणू त्याचं लगेच नायट्रेट करतात. बुडालेल्या मातीत प्राणवायू नसल्याने नत्र अमोनियावरच अडतं आणि वर पाण्यात झिरपतं. कुंडीला उत्तम असलेलं खतावलेलं मिश्रण टाकीत माशांच्या जिवावर का उठतं, त्याचं कारण हे.

तीन परंपरा

तळाला माती घालण्याच्या ज्या पद्धती आज जगभर प्रचलित आहेत, त्या साधारण तीन घराण्यांतून आल्या.

पहिलं घराणं जर्मन. १९८० च्या दशकात डुप्ला कंपनीच्या कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी उष्ण कटिबंधातल्या ओढ्या-नद्यांच्या पाण्याचा आणि तळाचा अभ्यास करून टाकीची एक शिस्तशीर पद्धत मांडली. त्यात तळाच्या खड्यांत त्यांनी काय मिसळलं? लॅटराइट, म्हणजे आपला जांभा. 'डुप्लारिट' या नावाने ती तांबडी माती पाकिटात भरून युरोप-अमेरिकेत विकली गेली. तिच्यातलं लोह मुळांजवळ राहतं आणि हळूहळू मिळतं, हा त्यामागचा विचार. ज्या बीदर शहराखाली जांभ्याचा जाड थर पसरला आहे, तिथल्या माणसाने ही गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी.

दुसरं घराणं जपानी. छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये निगाता इथे अ‍ॅक्वा डिझाइन अमानो ही कंपनी काढली आणि टाकीला निसर्गदृश्याचं रूप दिलं. त्यांची 'अ‍ॅक्वा सॉइल अमेझोनिया' म्हणजे नैसर्गिक मातीचे भाजून घट्ट केलेले दाणे. दाणेदार असल्याने ती हाताळायला सोपी आणि लावणीला सुखाची. ती पाण्यातला चुना शोषून सामू साडेसहाच्या आसपास आणते. सुरुवातीच्या आठवड्यांत ती भरपूर अमोनिया सोडते, त्यामुळे त्या काळात वारंवार पाणी बदलावं लागतं. डेन्मार्कच्या ट्रॉपिका कंपनीची माती याच जातीची. अमानो २०१५ मध्ये गेले, पण आजच्या दुकानांतल्या महागड्या पिशव्यांवर त्यांच्याच विचाराची छाप आहे.

तिसरं घराणं अमेरिकन आणि सर्वांत काटकसरी. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये 'इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहून दाखवून दिलं की साधी बागेतली किंवा कुंडीची माती तळाला इंच-दीड इंच पसरून तिच्यावर इंचभर बारीक खडी घातली, खिडकीचा उजेड मिळू दिला आणि पहिल्या दिवसापासून भरपूर वनस्पती लावल्या, तर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवायही टाकी वर्षानुवर्षं टिकते. मातीतले सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइडच वनस्पतींना पुरतो. पिशवीतली माती टाकीत घालण्याची आजची लाट मुख्यतः याच पुस्तकातून आली.

तिन्ही पद्धती आपापल्या जागी खऱ्या आहेत. आपला प्रश्न एवढाच की आपल्या पाण्यात यातलं काय टिकतं.

आधी पाणी

बीदरचं पठार जांभ्याचं, आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून उतरतं आणि जिथे खालच्या चिवट थराला अडतं तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. नरसिंह झरणी, गुरुनानक झिरा आणि पापनाश ही ठिकाणं याच भूरचनेवर उभी आहेत. बहामनी काळात नौबादजवळ खोदलेली करेझ, म्हणजेच सुरंग बावी, याच थरातलं पाणी गोळा करत शहरापर्यंत नेत असे. जांभ्यातून आलेलं पाणी सहसा मऊ असतं, कारण जांभ्यात धुऊन जायला चुना फारसा उरलेलाच नसतो. पण हे पठारावरचं झालं. बोअर जांभा ओलांडून काळ्या पाषाणात गेली की पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढतं.

कलबुर्गीकडे चित्र आणखी बदलतं. आळंद, अफजलपूर हा काळ्या पाषाणाचा आणि काळ्या मातीचा मुलूख. शहाबाद, चित्तापूर, सेडम हा चुनखडकाचा. तिथल्या फरशीने मराठवाड्यातले वाडे आणि पुण्यातल्या चाळी सजल्या, आणि त्याच चुनखडकावर वाडी-सेडमचे सिमेंट कारखाने चालतात. अशा जमिनीतलं पाणी जड असणारच. बादलीला आणि नळाच्या तोटीला बसणारा पांढरा थर हा त्याचा रोजचा पुरावा.

जड पाण्याला घाबरायचं कारण नाही. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. गप्पी आणि मोली हे मासे जड पाण्यातच खूश असतात. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण अ‍ॅक्वा सॉइलची. तिचे दाणे पाण्यातला चुना शोषून सामू उतरवतात, पण त्या शोषण्याला मर्यादा आहे. स्पंज भरला की तो आणखी पाणी घेत नाही, तसंच हे. मऊ पाण्यात जी क्षमता वर्ष-दोन वर्षं पुरते ती जड पाण्याने दर पाणीबदलाला झपाट्याने खर्ची पडते आणि काही महिन्यांत सामू पुन्हा नळाच्या पाण्याइतका होतो. माती नंतरही वनस्पतींना धरून ठेवते, पण ज्या गुणासाठी आपण काही हजार रुपये मोजले तो गुण संपलेला असतो.

दुसरी अडचण अमोनियाची, आणि ती जिवावरची. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक आयनरूप, बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरं मुक्त, माशांच्या कल्ल्यांना जाळणारं. यातलं किती कोणत्या रूपात असेल हे सामू आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला आणि ७ सामूला एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के मुक्त असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो. पाणी ३० अंशांवर गेलं तर ८ सामूला साडेसात टक्क्यांच्या घरात, आणि साडेआठ सामूला सुमारे २० टक्के. म्हणजे एकच पिशवी, तितकंच खत, आणि आपल्या उन्हाळ्यातल्या जड पाण्यात तिचं विष दहा-वीस पटींनी जास्त. शिवाय ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम, तर २५ अंशांना सव्वाआठ. उष्णतेने कुजण्याचा वेगही वाढतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतात.

पिशव्या, एकेक करून

कोकोपीटवर आधारलेलं पॉटिंग मिक्स नर्सरीत सर्वांत सहज मिळतं. टाकीसाठी ते सर्वांत वाईट. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि पर्लाइटचे पांढरे दाणे पाण्यावर तरंगतात. वरचा वाळूचा थर फोडून ते वर येतात आणि टाकीचा चिखल होतो. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठही बरंच असतं. शिवाय अशा मिश्रणात निंबोळी पेंड अनेकदा घातलेली असते. कुंडीतल्या किडीला ती मारते. माशांना आणि विशेषतः कोळंबीलाही ती सोसत नाही. पिशवीवर निंबोळी पेंड, दाणेदार कीटकनाशक किंवा डीएपी असं काहीही लिहिलेलं असेल तर ती परत ठेवावी.

गांडूळखत एकटं वापरू नये. एक हिशेब मांडून पाहू. सरकारी मानकांप्रमाणे गांडूळखतात किमान १ टक्का नत्र असावं लागतं. म्हणजे एक किलोत दहा ग्रॅम. दोन फुटी टाकीत माती घातल्यावर सुमारे ४५ लिटर पाणी राहतं. त्या दहा ग्रॅमपैकी फक्त एक ग्रॅम सुरुवातीच्या आठवड्यांत अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरलं असं धरू. लिटरला २२ मिलिग्रॅम झाले. ८ सामू आणि ३० अंशांना त्यातला मुक्त अमोनिया दीड मिलिग्रॅमच्या वर भरतो. माशांना कायमचा सोसवणारा मुक्त अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमच्या आतला. किलोभर गांडूळखताने टाकीचं काय होईल ते यावरून कळावं. थोडं खत मात्र हवं, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतींच्या कामी येतो. एकूण मातीच्या दहाव्या भागापर्यंत पुरे, आणि तेही पुरतं मुरलेलं.

'गार्डन सॉइल' किंवा 'बागेची माती' या नावाच्या पिशवीत काय असेल ते पिशवीगणिक बदलतं. कधी काळी माती आणि शेणखत, कधी गाळ, कधी लाल मातीत कोकोपीट. घटकांची नावं नसतील तर घरी चाचणी केल्याशिवाय ती टाकीत घालू नये.

नुसती लाल माती ही नर्सरीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पिशवी. खत नसल्याने अमोनियाचं भय कमी. लोह भरपूर. चिकणमाती थोडी, म्हणून पाणी फारसं गढूळ होत नाही. आपल्या कामाची पिशवी हीच. तिची उणीव पुढे पाहू.

दाणेदार अ‍ॅक्वा सॉइल कोणी घ्यावी? ज्याच्याकडे पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी आहे, ज्याला लाल रोटाला किंवा बारीक पानांच्या नाजूक वनस्पती वाढवायच्या आहेत, आणि ज्याला स्पर्धेसाठी टाकी सजवायची आहे, त्याने जरूर घ्यावी. ९ लिटरची एक पिशवी दोन फुटी टाकीत सरासरी पाच सेंटिमीटरचा थर देते. मऊ पाणी न देता ती घेणं म्हणजे पैसे चुनखडीत घालणं. आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी टाकीत कधीच वापरू नये. त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

इथली तांबडी, इथली काळी

बीदर आणि हुमनाबादकडची तांबडी माती जांभ्यापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती केओलिनाइट जातीची. ती फुगत नाही, चिकटत नाही, लवकर खाली बसते. तिच्यातलं लोह वाया जाणाऱ्या स्फुरदाला धरून ठेवतं, त्यामुळे पाण्यात शेवाळ कमी माजतं. उणीव एकच: अन्नद्रव्यं साठवण्याची तिची ताकद कमी. शंभर ग्रॅम केओलिनाइटची धन आयन विनिमय क्षमता ३ ते १५ मिलिसममूल्य असते.

काळी माती याच्या उलट. तिच्यातली माँटमोरिलोनाइट चिकणमाती तितक्याच वजनात ८० ते १२० मिलिसममूल्य धरते. अमोनिया, पोटॅश, कॅल्शियम सगळं तिच्या अंगी राहतं. म्हणून तर कलबुर्गीची तूर कोरडवाहू रानात उभी राहते आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण टाकीत एकटी काळी माती घातली तर ती फुगून लोण्यासारखी होते. एक रोप उपटलं की दोन दिवस पाणी गढूळ राहतं. तिच्यातले चुनखडीचे खडेही पाणी आणखी जड करतात.

दोघींचा मेळ घातला की दोघींच्या उणिवा झाकल्या जातात. तांबडीत आठवा-दहावा भाग काळी घालावी. काळीत अन्न साठतं, तांबडी तिला मोकळं ठेवते. चिकट काळ्या मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या सुकवून अमेझॉन स्वोर्ड किंवा कुमुदिनीसारख्या खादाड वनस्पतींच्या मुळाशी पुरल्या तरी चालतं.

मग रानातलीच माती का आणू नये, पिशवी कशाला? आणायला हरकत नाही, पण कुठून आणता याला महत्त्व आहे. तूर, कापूस, ऊस यांच्या रानात फवारलेली सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात आणि मातीच्या कणांना चिकटून राहतात. तळ्यातला गाळ समृद्ध असतो, पण त्यासोबत जळवा, चतुराच्या अळ्या आणि गावाचं सांडपाणीही येतं. पेरणी न होणाऱ्या माळावरची, वरचं गवत-पालापाचोळा काढून हातभर खालची माती सर्वांत निर्धोक. ती मिळत नसेल तर पिशवी बरी.

एक इशारा बीदरकरांसाठी. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूला काळा रंग चढवायला किल्ल्यातली जुनी माती नवसागरासोबत वापरतात, आणि कारागीर ती चवीवरूनही पारखतात असं सांगतात. ती माती तिच्यातल्या क्षारांमुळे त्या कलेला उपयोगी पडते. टाकीला मात्र तेच क्षार अपायकारक. शिवाय किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथली माती हौसेखातर कोणी उकरू नये.

पिशवी घरी आणल्यावर

टाकीत घालण्याआधी चार चाचण्या कराव्यात. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली बरणीची. काचेच्या उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती घाला, वर पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू तळाला बसते आणि बरणीच्या बुडाशी खरखरीत पट्टा दिसतो. तास-दोन तासांत त्यावर मऊ पोयटा बसतो. चिकणमाती बसायला दिवस लागतो, कधी जास्तच. जे काही वर तरंगत राहिलं ते कोकोपीट, पर्लाइट, काडीकचरा. तरंगणारा थर बोटभर जाड असेल तर पिशवी कुंड्यांना द्या. दुसऱ्या दिवशीही पाणी शाईसारखं तपकिरी असेल तर मातीत सेंद्रिय भाग फार आहे. तळाशी वाळूचा चांगला पट्टा, वर चिकणमातीचा पातळ थर आणि पाणी जवळपास निवळलेलं, अशी बरणी दिसली की माती जमली.

दुसरी चुन्याची. चमचाभर कोरड्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. हीच चाचणी वरच्या थरासाठी आणलेल्या वाळूचीही करावी, कारण मांजरा-भीमेच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात. सजावटीला शहाबादी फरशीचे तुकडे घालायचा मोह होतो. तेही फसफसतात आणि पाणी जड करत राहतात.

तिसरी क्षारांची. आरओ पाणी देणाऱ्या माणसाकडे असतं तसं टीडीएस मीटर घ्या. एक वाटी माती पाच वाट्या आरओ पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी आकडा पाहा. तो हजाराच्या दिशेने गेला तर मातीत खत किंवा मीठ जास्त आहे.

चौथी अमोनियाची. भिजवलेलं तेच पाणी आठवडाभर झाकून ठेवा आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या किटने तपासा. रंग गडद आला तर माती अजून मुरायची आहे.

याउपर खात्री हवी असेल तर बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन अशा बारा बाबी तपासतात. तळासाठी सेंद्रिय कर्ब मध्यम, क्षारता कमी आणि लोह भरपूर असा निकाल हवा.

मुरवणं आणि भरणं

आपल्या उन्हाळ्याचा एक मोठा फायदा आहे. माती चाळून घ्या, ताडपत्रीवर पसरा, ओली करा, सुकू द्या आणि पुन्हा ओली करा. असं तीन-चारदा केलं की हवेच्या सान्निध्यात जिवाणू तिच्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात आणि शेवटच्या धुण्यात ते निघून जातं. जपानी माती टाकीत अनेक आठवडे जे काम करते ते इथे एप्रिलच्या उन्हात अंगणातच उरकतं.

६० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीसाठी माझा सल्ला असा. चार लिटर तांबडी माती, अर्धा लिटर काळी, अर्धा लिटर मुरलेलं गांडूळखत. ओलसर करून एकजीव करा आणि तळाला पसरा. थर साधारण पावणेतीन सेंटिमीटरचा होतो. काचेलगत माती येऊ देऊ नका, म्हणजे शेवाळ धरणार नाही. वर साडेचार लिटर धुतलेली, एक-दोन मिलिमीटर दाण्याची भरड वाळू घाला. तिचा थर अडीच सेंटिमीटरचा होतो. काळ्या पाषाणाची कच चालते, पण तिची भुकटी पाणी निवळेपर्यंत धुवावी लागते. अगदी बारीक वाळूचा जाड थर टाळावा, कारण त्याखाली वायू कोंडतो.

मातीवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडा. पहिल्याच दिवशी टाकी वनस्पतींनी भरून टाका. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, वॉटर विस्टेरिया, आणि परसातली नीरब्राह्मी, जी मत्स्यालयाच्या दुकानात बकोपा म्हणून विकली जाते. या सगळ्या भारतातल्याच आणि जड पाण्याला सरावलेल्या. थोडं तरंगतं डकवीड वर सोडलं तर ते अमोनिया सर्वांत आधी खातं. किटवर अमोनिया शून्य दिसेपर्यंत मासे घालू नयेत. आणि टाकीतून काढलेल्या वनस्पती पापनाशच्या तळ्यात किंवा कारंजा धरणात टाकू नयेत. जलपर्णीने आपल्या जलाशयांचं काय केलं ते आपण पाहतोच.

निष्कर्ष

दाणेदार परदेशी माती उत्तम आहे, पण ती मऊ पाण्याची सोबतीण आहे. खतावलेलं पॉटिंग मिक्स कुंडीचं आहे आणि आपल्या जड, तापट पाण्यात ते माशांसाठी धोक्याचं. गांडूळखत चवीपुरतं. काळी माती एकटी नको, पण थोडी हवीच. आणि सगळ्यांचा पाया म्हणून साधी तांबडी माती, मग ती पिशवीतली असो वा बीदरच्या माळावरची.

नवशिक्याने पहिला खर्च पिशवीवर करू नये. शंभर-दोनशे रुपयांत काय घेता येतं ते पाहा: व्हिनेगरची बाटली, काचेची बरणी आणि घरच्या पाण्याचा सामू पाहायच्या पट्ट्या. सामू साडेसातच्या वर आला तर महागडी पिशवी दुकानातच राहू द्या आणि लाल मातीची घ्या. उरलेल्या पैशांत वनस्पती दुप्पट आणा. टाकी त्याच उभी करतात.